पांढरी पाच, काळी चार

पहाटे ५.२०, चिखली

घरातले अजून झोपलेत. काका स्वयंपाकघरात खाली बसून हत्यारं मोजतायत. आधी चावी. कुलपाची नव्हे, पियानोची. लाकडी मूठ, वीतभराहून लांब पोलादी दांडा, टोकाला टोपी आणि टोपीच्या आत चांदणीच्या आकाराची खाच. पियानोच्या खुंटीच्या चौकोनी डोक्यावर ती घट्ट बसावी लागते. जरा जरी ढिली असली तरी खुंटी फिरते एकीकडे आणि सूर जातो दुसरीकडे.

“ही मी स्वतः बनवलीय,” काका म्हणतात. “दांडा लेथवर काढला. खाच कानशीनं. तीन रविवार गेले.”

चावीमागोमाग बॅगेत जातात रबराच्या बारा पाचरी, लाल फेल्टची लांब पट्टी, दोन कानशी, चिमटा, पातळ पातं, टॉर्च आणि ४४०चा ट्यूनिंग फोर्क. तो काकांच्या पायजम्याच्या फडक्यात गुंडाळलेला असतो. डबा वेगळ्या पिशवीत.

काका मूळचे फिटर. आयटीआय झाल्यावर भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये त्यांनी तेवीस वर्षं काढली. तबल्याचं वेड लहानपणापासून, पेटी दुरुस्त करायला शिकले शेजारच्या भजनी मंडळासाठी. पियानोचं काम शिकवलं पुण्याच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या ट्यूनरनं, हातापेक्षा कानानं. “तू वाजवू नकोस, नुसतं ऐक,” म्हणायचा. दर रविवारी भोसरीहून दोन बस बदलून काका त्याच्याकडे जायचे. असं सहा वर्षं चाललं. कारखाना बंद झाला तेव्हा हातात दुसरा धंदा तयार होता.

सकाळी ६.४०, चिंचवड स्टेशन

बाहेर भुरभुर पाऊस. ऑगस्टचा शनिवार. पहिल्या पाळीचे कामगार कंपन्यांच्या बसची वाट बघत टपरीखाली उभे. चहा पंधरा रुपये.

मिरजेचे एक तानपुरा-कारागीर लोकलमधून उतरतात. रात्रीच्या गाडीनं पुण्याला आले, तिथून लोकल. खांद्याला कापडी पिशवी, तीत तारांची भेंडोळी, घोड्या, रेशमी दोरा. वर्षातून चार-पाच वेळा ते पुण्याकडे येतात. शाळा, गायनाचे क्लास, घरोघरचे तानपुरे असे करत आठ दिवसांत फेरी संपवतात. काका त्यांना ‘मिरजकर’ म्हणतात. ते काकांना काकाच म्हणतात, वय जवळजवळ सारखं असूनही.

मिरजेत सतार-तानपुऱ्यांचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं पहिलं मोठं नाव. घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांचं. शस्त्रांचं काम संपत आलं तेव्हा तेच हात तारांकडे वळले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि तिथल्या तानपुऱ्याला गवयाचा कान मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

“मानांकन झालं, बरं झालं,” मिरजकर म्हणतात. “पण भोपळा चांगला मिळाला पायजे. भोपळ्याशिवाय काय करता?”

भोपळे येतात पंढरपूरकडून, भीमाकाठच्या शेतांतून. जाड सालीचे, कडू, खायच्या कामाचे नसलेले. वाळवून, पोखरून, भिजवून, तोंड ताणून मग त्याचा तानपुरा होतो.

सकाळी ७.३०, विद्यापीठाचं फाटक

कारखान्यांच्या या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत विद्यापीठं उभी राहिली. बहुतेक ठिकाणी अभियांत्रिकी, संगणक, व्यवस्थापन. त्यातल्याच एकात आज संध्याकाळी मैफल आहे. पूर्वार्धात तानपुऱ्यावर गाणं, सारंगी, पेटीचं एकलवादन. उत्तरार्धात पियानो. गाणारी मुलगी याच गावची, पण शिकते गणेशखिंडीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात. विद्यापीठाच्या आवारात गुरू-शिष्य पद्धतीनं गाणं, नाच, नाटक शिकवायला ते १९८७ साली सुरू झालं.

फाटकावर रजिस्टर. नाव, वेळ, गाडी नंबर, कंपनीचं नाव. या शेवटच्या रकान्यात काका ‘स्वतः’ लिहितात. सिक्युरिटीवाला बॅग उघडून बघतो. चावी हातात घेऊन वळवून बघतो.

“कसली हो ही?”

“पियानोची.”

“आत पियानो आहे?” दोन वर्षं तो या फाटकावर आहे.

सकाळी ८.१०, संगीत कक्ष ते सभागृह

पियानो दुसऱ्या इमारतीत आहे. बेबी ग्रँड, तीनशे किलोच्या आसपास. अंतर जेमतेम तीनशे मीटर, पण मधे पायऱ्या, एक उतार आणि पावसानं चिकट झालेली फरशी.

पियानो हलवणारी माणसं इथे नाहीत. मशिन हलवणारी मात्र हवी तेवढी. तळवड्याहून मुकादम आलाय, चार पोरांना घेऊन, ‘छोटा हत्ती’ टेम्पोत बसून. रात्री ही मंडळी चाकणला एक पॉवर प्रेस जागेवर बसवत होती. पहाटे चारला सुटली. दोन तास टेम्पोतच झोपली.

मुकादम पियानोभोवती एक फेरी मारतो. खाली वाकून बघतो. “जड बाजू कुठली?”

“डावी, सरळ आहे ती,” काका सांगतात. “तिच्यावरच आडवा करायचा.”

आधी झाकण बांधलं. मग पेडलची चौकट उतरवली. पुढचा डावा पाय काढायची वेळ आली तेव्हा दोघांनी त्या कोपऱ्याखाली खांदा दिला. काका पालथे झोपून आत हात घालतात, पाय सुटतो. मुकादम हळू आवाजात मोजतो. “येऊ दे. येऊ दे. थांब. येऊ दे.” पियानो हळूहळू कलतो आणि घोंगडी अंथरलेल्या जाड फळीवर आपल्या सरळ कडेवर टेकतो. एकच आवाज येतो, आतल्या सगळ्या तारांचा मिळून. मग उरलेले दोन पाय काढले, वर आणखी दोन घोंगड्या, तीन पट्टे आणि फळीखाली ट्रॉली.

उतारावर एक जण पुढे पाठ लावून उलटा चालतो. त्याच्या पायात प्लॅस्टिकच्या चपला. काका थांबवतात. स्वतःचे बूट काढून देतात. पोरगा नको नको म्हणतो, मुकादम म्हणतो, “घाल रे, काका सांगतायत.” काका अनवाणी, हातात छत्री. छत्री पियानोवर.

पाऊण तासात पियानो स्टेजवर तीन पायांवर उभा. मुकादमाचा ठेका आठ हजार, जाऊन-येऊन. त्यातले पोरांना नऊशे-नऊशे, टेम्पोचे दीड हजार. परत नेणं रात्री मैफल संपल्यावर. तोवर त्यांचं मोशीला आणखी एक काम आहे.

सकाळी १०.००, सभागृह

आता वातानुकूलनाची गोष्ट. सभागृहाचा एसी कार्यक्रमाआधी एक तास सुरू करायचा, असा नियम आहे. वीजबिल मोठं येतं. काका व्यवस्थापकाला शांतपणे समजावतात. पावसाळ्यात पियानोची फळी, तारांखालची मोठी पातळ लाकडी फळी, ओल पिते आणि फुगते. फुगली की तारा ताणल्या जातात, सूर चढतो. एसी लावला की ती सुकायला लागते, सूर उतरतो. आता दमट हवेत लावलेला सूर संध्याकाळी थंड हवेत टिकणार नाही.

“मग संध्याकाळीच लावा,” व्यवस्थापक म्हणतो.

“तारा दोनशे तीसच्या आसपास आहेत, साहेब.”

बराच वेळ फोनाफोनी होते. साडेदहाला एसी सुरू होतो. मला हा या दिवसातला सगळ्यात मोठा निर्णय वाटला. तो घेणाऱ्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत येणार नाही, मागणाऱ्याचंही नाही.

सकाळी १०.४५ ते दुपारी १.००

काका झाकण उघडतात. आत ओतीव लोखंडाची सोनेरी चौकट. पट्ट्या ८८. खालच्या जाड सुरांना एकेक तार, वर दोन-दोन, आणखी वर तीन-तीन. सगळ्या तारांचा ताण एकत्र केला तर अठरा टनांच्या घरात जातो. चाकणच्या रस्त्यावर दोन अॅक्सलचा भरलेला ट्रक दिसतो, तेवढा.

लाल फेल्टची पट्टी ते तारांच्या मधे मधे खुपसत नेतात. तिनांपैकी बाजूच्या दोन गप्प, मधली मोकळी. फोर्क गुडघ्यावर आपटतात, टोक लाकडाला टेकवतात. ४४०, म्हणजे पांढरी सहा, सप्तकातली सहावी पांढरी पट्टी. पट्टी दाबतात. सूर किंचित वर. चावी खुंटीवर बसवतात. आणि हलवत नाहीत. म्हणजे मला तसं वाटतं. मनगट जागचं हलत नाही, नुसता दंड ताठ होतो. सूर मात्र खाली सरकतो.

“खुंटी फिरवायची नसते, ताई. तिला पिळायचं, आणि सोडताना ती कुठे बसेल ते आधी ओळखायचं.”

ते दोन पट्ट्या एकदम दाबतात. पांढरी चार आणि तिच्या वरची पांढरी सहा. दोन सूर मिळून एक थरथर येते, वा-वा-वा-वा. काका तिला हेलकावा म्हणतात. “मोजा.” मी मोजायला जाते, जमत नाही. “सेकंदाला सात. जरासा कमी. तेवढाच पाहिजे. सहा झाला तरी चुकलं, आठ झाला तरी चुकलं.” त्यांच्याकडे यंत्र नाही. मोबाइलमध्ये अॅप आहे, ते शेवटी पडताळून बघण्यापुरतं.

मिरजकर विंगेत सतरंजीवर बसून तानपुऱ्याची खोळ काढतायत. मान वर करून म्हणतात, “काका, गंधार चढलाय की तुमचा.”

“चढवलाय.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. याला बारा घरं आहेत. प्रत्येक घरातून गाणं सुरू होतं. एकाचा गंधार अगदी खरा लावला तर दुसऱ्याचं घर पडतं. म्हणून चूक बाराही घरांना वाटायची. कुणाच्याच वाट्याला फार नको.” थोडं थांबून म्हणतात, “टूलरूममध्ये पण हेच. एका सांध्यात सगळा फरक टाकला की मशिन धडधडतं.”

मिरजकर मान हलवतात. पटलं म्हणून नाही, कळलं म्हणून. मग ते आपल्या तानपुऱ्याकडे वळतात. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. चार तारा छेडतात, पुन्हा, पुन्हा. खर्जाची तार घुमते आणि तिच्या पोटातून एक पाचवाच सूर वर येतो. कुणी न लावलेला गंधार. पियानोच्या गंधारापेक्षा तो स्पष्ट उतरलेला.

काकांनी चावी खाली ठेवलीय. डोळे मिटलेत. “हा खरा,” ते म्हणतात. आणि पुन्हा पुढच्या खुंटीकडे जातात.

दुपारी १.१५

डबा. ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगा, ठेचा. मिरजकरांनी घरून शेंगदाण्याची चटणी आणलीय. कँटीनमधला वडापाव वीस रुपये, तो मी घेते. काकांचा उजवा खांदा दुखतो. ते डाव्या हातानं जेवतात, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

दुपारी २.००

तानपुऱ्याची जवारी. मी हे काम इतक्या जवळून पहिल्यांदा बघते.

घोडी हस्तिदंती रंगाची, दोन बोटं रुंद. तार तिच्या पाठीवरून जाते. पाठ सपाट दिसते, पण नसते. मागून पुढे किंचित उतरती असते. तार थरथरते तेव्हा त्या उताराला हलकेच लागत राहते आणि त्या लागण्यातून तो झंकार निघतो. वापरून वापरून तारा घोडीत बारीक चर पाडतात. मग आवाज बसतो.

मिरजकर चारही तारा सैल करून बाजूला सारतात. पातळ कानस आडवी धरून एकच हात फिरवतात. पांढरी पूड उडते. फुंकर. बोटाचं पोट फिरवून बघतात. पुन्हा एक हात. तारा वर, छेड, कान भोपळ्याला. नाही. तारा खाली. एका तानपुऱ्याला हे नऊ वेळा झालं, मी मोजलं. शेवटी तार आणि घोडीच्या मधे दोरा सरकवतात. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आवाज उघडतो. खोलीतला दिवा लागावा तसा.

एका तानपुऱ्याचे सातशे रुपये. नव्या तारा टाकल्या तर वेगळे. आज चार तानपुरे.

दुपारी ३.१०

तानपुरे काळी चारला लावलेत, गाणाऱ्या मुलीच्या पट्टीत. आणि काहीतरी चुकतंय. तानपुरा शांत झाला की सभागृहात एक गुणगुण उरते. बारीक, सलग. मला आधी ऐकूच येत नव्हती. एकदा ऐकली आणि मग जाईना.

काका पियानोपाशी जाऊन खालच्या पट्ट्या चाचपतात. पांढरी पाच. नाही, गुणगुण जरा वर आहे. काळी चार. नाही, जरा खाली.

“लाइटची आहे,” ते म्हणतात.

आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर आणि चोक गुणगुणतात तिच्या दुपटीनं, १००. पियानोवर तो सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे पडतो, जिथे पट्टीच नाही. या पट्ट्यात प्रत्येक शेडमध्ये, प्रत्येक वर्कशॉपमध्ये तो दिवसभर चालू असतो. काकांनी तेवीस वर्षं तो ऐकलाय. त्याची वरची दुप्पट म्हणजे २००, आणि मुलीचा षड्ज २०८च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की घासतात, सेकंदाला सात-आठ हेलकावे. पियानोत काका जेवढे मोजून ठेवतात जवळजवळ तेवढेच, पण इथे नको असलेले.

मग तासभर शोध. इलेक्ट्रिशियन एकेक स्विच बंद करतो, काका स्टेजच्या मधोमध उभे राहून मान हलवतात. नाही. नाही. नाही. शेवटी मागच्या भिंतीतली दिव्यांच्या डिमरची पेटी सापडते. तिचा पत्रा सैल आहे आणि तोच थरथरतोय. काका बॅगेतून रबराच्या दोन पाचरी काढतात आणि पत्रा आणि भिंत यांच्या फटीत ठोकतात.

शांत. इलेक्ट्रिशियन म्हणतो, “दोन वर्षं वाजत होतं हे. आम्हाला वाटलं एसीच आहे.”

संध्याकाळी ४.२०

पेटी. काकांचं पहिलं प्रेम. वादकाची स्वतःचीच आहे, एक सूर बेसूर झालाय. भाता उघडून काका पितळेची जीभ टॉर्चखाली धरतात. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. पात्यानं दोनदा खरवडतात. दोन मिनिटांत काम झालं. पैसे घेत नाहीत.

पेटी पॅरिसची. अलेक्झांद्र देबें यानं १८४०च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. पायपेटी म्हणून इथे आली, हातपेटी झाली, कीर्तनात बसली, नाटकात बसली. आकाशवाणीनं तिला १९४० ते १९७१ बाहेर ठेवलं. कारण पियानोचंच, बारा घरं ठरलेली, मींड नाही. ती तीस वर्षं पेटी भजनात, नाटकात, घराघरात वाजत राहिली. माझ्या मते तिथेच ती खऱ्या अर्थानं आपली झाली.

संध्याकाळी ५.००

एसीला साडेसहा तास झाले. पियानो अंदाजाप्रमाणे उतरलाय, मधल्या भागात जास्त. काका सगळा पुन्हा लावतात. या वेळी पन्नास मिनिटांत.

पियानो वाजवणारा मुलगा येतो. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. बाख वाजवणार आहे, १७२२ सालच्या संग्रहातलं पहिलंच प्रील्यूड. आधी इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर, हार्पसिकॉर्डच्या आवाजात, मग तेच पियानोवर. बाखच्या घरात पियानो नव्हता, हार्पसिकॉर्ड होता. त्यात पट्टी दाबली की पिसाचा काटा तार छेडतो. पियानोत हातोडी तार ठोकते. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीनं १७००च्या सुमाराला ती हातोडी बसवली आणि हळू-जोरात वाजवणं पट्टीवर आलं.

मिरजकरांना हे लगेच कळतं. “म्हणजे आधी सतार होती, नखी लावून. मग संतूर झालं.”

मुलगा हसून “हो काका, तसंच,” म्हणतो. एरवी सराव त्याच्या खोलीतल्या की-बोर्डवर. खऱ्या पियानोला बोट लावायला मिळतं आठवड्यातून दोन तास. तो बसतो, एकच पट्टी दाबतो, धरून ठेवतो. सूर विरेपर्यंत ऐकतो. मग काकांकडे बघून मान लववतो.

संध्याकाळी ६.३५

खुर्च्या अर्ध्याहून अधिक भरल्यात. काही जण पहिल्या पाळीवरून घरी जाऊन, अंघोळ करून, बायको-मुलांना घेऊन आलेत. काका शेवटच्या रांगेत, दाराजवळ. हातात चावी.

मुलगी षड्ज लावते. तो तानपुऱ्यांत मिसळतो. डिमर गप्प.

रात्री ७.५०, मध्यंतर

बारा मिनिटं. लोक चहाला गेलेत, मुलं स्टेजसमोर फोटो काढतायत. काका त्या गलक्यात वाकून वरच्या तीन तारा तपासतात. एक घसरलीय. कान पियानोच्या आत, जवळजवळ तारांना टेकलेला. एक पोर विचारतं, “अंकल काय करतायत?” त्याची आई म्हणते, “बिघडलंय वाटतं.”

बिघडलेलं नव्हतं. मैफलीला जाल तेव्हा मध्यंतरात पाच मिनिटं आवाज कमी ठेवा. कुणीतरी तिथे ऐकत असतं.

रात्री ९.५०

बाख संपला, त्यानंतर शोपॅंचा एक नॉक्टर्न, टाळ्या संपल्या. मुकादम मोशीहून परतलाय, फळी आणि घोंगड्या घेऊन. त्याच पोराच्या पायात आता बूट आहेत, कुणाचे ते मी विचारलं नाही.

काकांचं बिल: ट्यूनिंग साडेतीन हजार, दिवसभर थांबण्याचे एक हजार. बिलाची पावती कार्यालयात जमा. पैसे महिन्याभरानं खात्यात. मिरजकरांना रोख, अठ्ठावीसशे आणि तारांचे. ते रात्री काकांकडे मुक्कामाला.

सभागृहातून निघताना काका मागच्या भिंतीकडे जातात, डिमरचा पत्रा हातानं दाबून बघतात. पाचरी तिथेच राहू देतात. बॅगेत आता दहा आहेत. उद्या सकाळी नऊला आकुर्डीत एका शाळेच्या सात पेट्या लावायच्यात.